हजेरीपटाबाहेरचा दिवस

नाशिक जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातील कवळाणे या गावी १८६३ साली एका शेतकरी घरात जन्मलेल्या गोपाळराव नावाच्या मुलाचा, वयाची बारा वर्षे होईपर्यंत, पाटीपुस्तकाशी म्हणण्यासारखा संबंध आलेला नव्हता. १८७५ च्या मे महिन्यात बडोद्याच्या महाराणी जमनाबाई यांनी त्याला दत्तक घेतले, गोपाळरावाचे सयाजीराव झाले, आणि कालपरवापर्यंत गुरांमागे फिरणाऱ्या या पोराला उद्या राज्याचे दप्तर वाचावयाचे आहे, या जाणिवेने एफ. ए. एच. इलियट नावाच्या सनदी अधिकाऱ्याची त्याचा शिक्षक म्हणून नेमणूक करण्यात आली. दिवाण सर टी. माधवराव यांनी राजधर्मावर जी व्याख्याने त्याच्यापुढे दिली, ती पुढे ‘मायनर हिंट्स’ या नावाने ग्रंथरूप झाली. एका अल्पवयीन विद्यार्थ्याला समोर बसवून रचलेले असे पाठ्यपुस्तक आपल्याकडे विरळाच. १८८१ च्या डिसेंबरात राज्याची मुखत्यारी हाती आल्यावर याच सयाजीरावांनी १८९३ साली अमरेलीच्या मुलखात, आणि १९०६ साली संबंध बडोदे संस्थानात, प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले.

जो स्वतः शाळेबाहेर शिकला त्याने इतरांच्या मुलांना कायद्याने शाळेत बसविले, यात विसंगती शोधण्याचा मोह होईल. परंतु सयाजीरावांना जे मिळाले ते काय किमतीचे होते याचा हिशेब त्यांच्याइतका दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार? एका मुलासाठी एक सनदी अधिकारी आणि एक दिवाण, हा खर्च संस्थानाच्या खजिन्याला पेलतो, कवळाण्याच्या कुणब्याला पेलत नाही. घरच्या शिक्षणाचा विचार करताना ही जमाखर्चाची बाजू प्रथम ध्यानात घ्यावी, कारण पुस्तके, पाट्या, खेळणी यांचा खर्च किरकोळ असतो. खरा खर्च एका मोठ्या माणसाच्या लक्षाचा असतो, आणि तो दररोज, रोख, उधारीवाचून करावा लागतो.

आपली मुले शाळेत न घालता घरीच शिकविणारी कुटुंबे आज महाराष्ट्राच्या शहरांतून थोडी का होईना, आढळतात. त्यांचा दिवस कसा जातो याविषयी इतरांच्या मनात दोन टोकांच्या कल्पना असतात: एक अशी की, आई छडी घेऊन सकाळी दहा ते पाच घरातच वर्ग भरविते, दुसरी अशी की, मुले दिवसभर उंडारतात आणि आईबाप त्यालाच शिक्षण म्हणतात. पुढे दिलेला दिनक्रम कोणा एका घराचा नाही. अशा घरांतून जे सर्रास घडते ते नाशिकच्या भूगोलावर बसवून एक घर येथे रचले आहे. पंचवटीतील एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आई, बाबा, आजी, नऊ वर्षांची मुलगी आणि सहा वर्षांचा मुलगा राहतात असे समजावे. बाबा सातपूरच्या एका कारखान्यात पाळीवर जातात. दिवस श्रावणातला बुधवार.

सात वाजता खाली शाळेच्या रिक्षाचे भोंगे वाजतात, शेजारची मुले डबे सांभाळीत जिना उतरतात, आणि या घरातली दोन्ही मुले अद्याप अंथरुणातच असतात. शेजाऱ्यांच्या मनात हेवा आणि नापसंती एकाच वेळी उत्पन्न करणारा दिवसातील प्रसंग हाच. उठल्यावर मुलगी आजीसोबत दारात बसते. आजी सात ते चार ठिपक्यांची रांगोळी घालते. मधल्या ओळीत सात ठिपके, वर व खाली सहा, पाच, चार असे उतरत गेलेले. एकूण ठिपके किती, हा प्रश्न आजीने आयुष्यात कधी विचारला नसेल, पण मुलीला तो पडतो. प्रथम ती बोटाने एकेक ठिपका मोजते आणि सदतीस म्हणते. मग वरचे चार, पाच, सहा मिळून पंधरा, खालचेही पंधरा आणि मधले सात, असे जुळवून पाहते, आणि उत्तर तेच आले म्हणून दुसऱ्या दिवशी नऊ ते पाच ठिपक्यांची रांगोळी घालण्याचा हट्ट धरते. यास गणिताचा तास असे कोणी म्हणत नाही. रोजनिशीत मात्र त्याची नोंद रात्री होते, आणि रोजनिशीचे प्रयोजन पुढे येईल.

रीतसर अभ्यास नऊच्या सुमारास सुरू होतो आणि साडेदहाच्या आत आटोपतो. मुलगा ताटात पसरलेल्या बारीक वाळूत बोटाने अक्षरे काढतो. पंतोजीच्या काळी धुळपाटीवर हेच होत असे, आणि डॉ. माँटेसरींनी खरखरीत कागदाची अक्षरे करून मुलांची बोटे त्यांवरून फिरविली तीही याच न्यायाने की, अक्षराचे वळण डोळ्याआधी हाताला कळावे. आई त्याला अ, आ, इ, ई या वर्णक्रमाने नेत नाही; ग, म, भ, न ही एकमेकांच्या वळणाची अक्षरे आधी घेते, मग व, ब, क. चार अक्षरे येताच त्यांतून ‘गगन’, ‘मन’, ‘नग’ असे शब्द होतात, आणि शब्द झाला की मुलाला पाचव्या अक्षराची निकड भासू लागते. ही युक्ती आपल्याकडील बालशिक्षणाच्या परंपरेत चांगली मुरलेली आहे. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासमवेत काम करून आलेल्या ताराबाई मोडक, आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ, ज्यांनी उमेदवारीची काही वर्षे नाशिक जिल्ह्यातीलच चांदवड येथे शिक्षिका म्हणून काढली, या दोघींनी १९४५ पासून बोर्डीस आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर जे प्रयोग केले, त्यांतील एक गोष्ट घरी शिकविणाऱ्या प्रत्येक पालकाने ध्यानी घ्यावी अशी आहे. आदिवासी पाड्यांवरची मुले बालवाडीत येईनात, तेव्हा या बायांनी बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणात नेली, आणि परदेशी साधनांऐवजी बिया, शंख, पाने, काड्या यांवर मोजणी व रंगओळख शिकविली. अंगणवाडीचा उगम येथला. घर आणि शाळा यांमधली भिंत आपल्याच प्रांतात, तीही दारिद्र्याच्या बाजूने, एकदा पाडली गेली होती याचे विस्मरण पुष्कळांना झालेले दिसते.

मुलगी तेवढ्या वेळात बालभारतीचे चौथीचे पुस्तक घेऊन बसते. घरी शिकणाऱ्या मुलांना सरकारी पाठ्यपुस्तके वर्ज्य असतात हा आणखी एक गैरसमज. उलट पुष्कळ घरांत तीच आधाराला असतात, कारण ती स्वस्त आहेत, मराठीत आहेत, आणि तिसरीच्या परिसर अभ्यासाचे पुस्तक तर आपापल्या जिल्ह्याचे असते. फरक इतकाच की, धडा पहिल्यापासून शेवटपर्यंत क्रमानेच झाला पाहिजे अशी सक्ती येथे नाही. शिवचरित्रातले प्रकरण आवडले तर ते आठवडाभर चालते, आणि व्याकरणाचा स्वाध्याय कंटाळवाणा वाटला तर तो मामाला लिहावयाच्या पत्रात गुपचूप उरकला जातो.

मुलाची अडचण संख्यावाचनात आहे. सत्तेचाळीस म्हटले की तो आधी सात लिहितो, कारण कानावर सात आधी पडतो. एकोणसाठ म्हटले की साठाच्या घरात शिरतो. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘वीस दोन’ असा पर्यायी पाठ आला, तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ उसळला आणि गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांना किती खुलासे करावे लागले, हे वाचकांस स्मरत असेल. विनोदाला तो विषय फर्मास होता. परंतु सहा वर्षांच्या मुलासमोर प्रत्यक्ष बसलेल्या आईला त्या सूचनेमागचे शहाणपण अर्ध्या घटकेत पटते. ती दोन्ही प्रकार वापरते. दहा-दहा काड्यांच्या चार जुड्या आणि सात सुट्या काड्या मांडून मुलगा प्रथम ‘चाळीस सात’ म्हणतो, मग ‘सत्तेचाळीस’, आणि मग लिहितो. मराठीही बुडत नाही आणि गणितही.

दीड तास पुरतो कसा, असा प्रश्न येथे हटकून येतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० दिवस व ८०० तास अध्यापन सांगितले आहे. म्हणजे दिवसाला चार तास. त्याच परिशिष्टातील तीस मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण घेतले, तर शिक्षकाने आपले चार तास सारखे वाटून दिल्यास एका मुलाच्या वाट्याला आठ मिनिटे येतात. अर्थात वर्ग असा वाटून शिकवीत नाहीत. एका मुलाला दिलेले उत्तर एकोणतीस कानांवर पडते, आणि चांगल्या शिक्षकाच्या वर्गात मुले परस्परांकडून जे शिकतात त्याची भरपाई कोणतीही आई करू शकत नाही. तरीही दोन मुलांमागे एक मोठे माणूस असल्यावर, शिस्त राखण्यात, रांगा लावण्यात आणि सर्वांची पाने एकाच ठिकाणी उघडण्यात जाणारा वेळ वाचतो, ही गोष्ट नाकारण्यात अर्थ नाही. ज्यांना हे कळत नाही ते पालक पहिल्या वर्षी फार फसतात. भिंतीवर फळा टांगतात, वेळापत्रक चिकटवितात, पस्तीस-पस्तीस मिनिटांचे तास लावतात, आणि दिवाळीच्या आत आई व मुले दोघेही एकमेकांना विटून जातात. शाळेतून काढलेल्या मुलाला तर पहिले काही महिने काहीच शिकवू नये, असे या मार्गावरचे जुने लोक सांगतात. त्याचे कुतूहल, जे परीक्षेच्या भीतीने मागे सरलेले असते, ते आपल्या पायांनी परत येईपर्यंत वाट पाहावी. ही वाट पाहणे हेच या विद्येतील सर्वांत कठीण काम होय.

साडेदहानंतर मंडळी घराबाहेर पडतात. बुधवारी गोदाघाटावर बाजार भरतो. सव्वा किलो वांगी साठ रुपयांच्या भावाने किती झाली, हे मुलीने तोंडी सांगावयाचे असते. आजीच्या पिढीने पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी आणि साडेतीनाची औटकी पाठ केली होती; नात ती पाठ करीत नाही, पण साठाचा पाव पंधरा म्हणून पंचाहत्तर, हे तिला आता सहज सुचते. कांद्यापाशी गोष्ट अधिक रंगते. लासलगावच्या बाजार समितीचे भाव वर्तमानपत्रात क्विंटलवर छापतात. समजा पंधराशे रुपये क्विंटल, म्हणजे पंधरा रुपये किलो. समोरची बाई तीस मागते. “मग मधले पंधरा रुपये कुठे गेले, आई?” या प्रश्नाचे उत्तर आई देत नाही, ती मुलीलाच बाईंना विचारावयास लावते. बाई हसतात, आणि मग गाडीभाडे, हमाली, तोलाई, सडलेला माल, पहाटेचा रिक्षाचा खर्च असा तपशील एकेक करून सांगू लागतात. गिऱ्हाइकांची वर्दळ नसेल तर हा संवाद बराच चालतो. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात ‘मध्यस्थ’ म्हणून ज्याची दोन ओळींत बोळवण होते, त्याचा चेहरा मुलीने पाहिलेला असतो.

पलीकडे पाण्यात दुतोंड्या मारुती उभा आहे. नाशिककरांची पूर मोजण्याची पट्टी म्हणजे हा मारुती; पाणी त्याच्या गुडघ्याला लागले, कमरेला लागले, छातीला लागले, यावरून पुराची वार्ता गावभर होते, आणि १९६९ व २००८ चे पूर जुनी माणसे त्याच्याच मापाने सांगतात. या मुलीने आषाढापासून एक वही घातली आहे. पहिल्या रकान्यात तारीख, दुसऱ्यात गंगापूर धरणातून सोडलेल्या पाण्याचा वर्तमानपत्रात आलेला आकडा, तिसऱ्यात होळकर पुलाखालून वाहिलेल्या पाण्याचा आकडा, आणि चौथ्यात मारुती: पाय, गुडघा, मांडी, कंबर. पाणी चढलेले असता ती वही पुलावरूनच भरावयाची, घाटाकडे फिरकावयाचे नाही, हा घरचा हुकूम आहे व त्याला अपील नाही.

आकडे क्युसेकमध्ये येतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, आणि एक घनफूट म्हणजे सुमारे अठ्ठावीस लिटर. घरातली मोठी बादली चौदा लिटरची निघाली; तेव्हा एक क्युसेक म्हणजे दर सेकंदाला दोन बादल्या. सहा हजार क्युसेक सोडले अशी बातमी असेल तर सेकंदाला बारा हजार बादल्या, म्हणजे दहा हजार लिटरचे जवळजवळ सतरा टँकर. उन्हाळ्यात टँकरमागे धावणाऱ्या जिल्ह्यात हे गणित केलेले मूल नदीकडे निराळ्या नजरेने पाहू लागले तर नवल नाही. परंतु या वहीचा खरा लाभ दुसराच. एके दिवशी धरणातून कमी पाणी सोडलेले असूनही मारुती अधिक बुडालेला दिसला. वहीत काही चूक झाली असावी असे मुलीला वाटले. वडिलांनी तिला दुसरा व तिसरा रकाना शेजारी ठेवून पाहावयास सांगितले. दोन्हींतला फरक त्या दिवशी मोठा होता. धरण आणि पूल यांच्या दरम्यानचे ओढेनाले, आणि शहरावर रात्रभर कोसळलेला पाऊस, यांचे पाणी धरणाच्या आकड्यात कसे येणार? निरीक्षण, अपेक्षा, अपेक्षाभंग आणि त्याचे कारण, हा शास्त्राचा सारा क्रम नऊ वर्षांच्या मुलीच्या हातून चार रकान्यांत घडून गेला. धाकट्याचे समाधान एवढ्याने होत नाही. पाणी पुढे कोठे जाते, हे त्याला हवे असते. मग घरी नकाशा पसरला जातो: नांदूर मध्यमेश्वर, जिथल्या पाणथळीला २०२० साली महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून मान मिळाला, पैठणचे जायकवाडी, नांदेड, राजमहेंद्री, आणि ब्रह्मगिरीपासून १,४६५ किलोमीटरवर बंगालचा उपसागर. मुलाचे बोट राजमहेंद्रीपर्यंत पोहोचते आणि त्याला भूक लागते.

दुपारविषयी फारसे सांगण्यासारखे नाही. जेवण होते, आजी पडते, मुलगी वाचते, मुलगा ठोकळ्यांची लासलगाव स्टेशने बांधतो आणि मोडतो. कंटाळा येतो. कंटाळ्यावर ताबडतोब इलाज करू नये, हे आईने स्वानुभवाने ओळखले आहे. मुलगा अर्धा तास कुरकुर करून अखेर जुन्या पत्र्याच्या डब्याची आगगाडी करतो. बाहेरच्या मोठ्या फेऱ्या बाबांच्या सुट्टीच्या दिवशी होतात: सिन्नरचे गारगोटी खनिज संग्रहालय, अंजनेरीची नाणेशास्त्र संशोधन संस्था, किंवा पांडवलेणी. तिसऱ्या लेण्यातील गौतमी बलश्रीचा शिलालेख मुलांना वाचता येत नाही, आणि येण्याचे कारणही नाही. पण ब्राह्मीतला ‘क’ म्हणजे अधिकाचे चिन्ह आणि ‘ठ’ म्हणजे नुसते वर्तुळ, एवढे कळताच सहा वर्षांचा मुलगा दोन हजार वर्षांपूर्वीच्या भिंतीवर आपल्या ओळखीची अक्षरे शोधू लागतो. देवनागरीतल्या ‘ठ’च्या पोटात ते वर्तुळ अजून शिल्लक आहे, हे मुलगी दाखविते, आणि भावाला ते आधी न दिसल्याबद्दल दोघांचे भांडणही होते.

येथे एक अप्रिय गोष्ट बोलून टाकली पाहिजे. या साऱ्या वर्णनात ‘आई’ हा शब्द जितक्या वेळा आला तितक्या वेळा ‘बाबा’ आलेला नाही, आणि तो लेखकाचा प्रमाद नव्हे. घरच्या शिक्षणाची प्रशस्ती गाणाऱ्या लेखनात मुलाच्या स्वातंत्र्याविषयी पाने भरलेली असतात. ज्या स्त्रीने त्यासाठी आपली नोकरी सोडलेली असते, तिच्या स्वातंत्र्याविषयी ओळही नसते. ज्या घरात दोघांच्या मिळकतीवाचून भागत नाही, ज्या घरात शिकलेला मोठा माणूस नाही, तेथे हा मार्ग संभवत नाही, आणि तेथल्या मुलांसाठी सरकारी शाळेचा गुरुजी हाच इलियट आणि हाच माधवराव. काही घरांतून आता वडील अर्धा दिवस वाटून घेऊ लागले आहेत. जेथे हे होते तेथे मुलेही सुखी दिसतात आणि आईही. जेथे होत नाही तेथे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी शाळेचा प्रवेशअर्ज मुकाट्याने भरला जातो, व त्यात काही कमीपणा मानण्याचे कारण नाही.

संध्याकाळ सोबत्यांची. मुलांना समवयस्क मिळत नाहीत, हा या पद्धतीवरचा सर्वांत वजनदार आक्षेप, आणि तो खरा आहे. मात्र तो दुर्लंघ्य नाही. पाचनंतर शेजारची मुले शाळेतून परत आलेली असतात आणि इमारतीच्या आवारात क्रिकेटला हजेरीपट लागत नाही. आठवड्यातून काही दिवस मुलगी व्यायामशाळेत मल्लखांबाला जाते. पेशवाईच्या उत्तरकाळात बाळंभटदादा देवधर यांना मल्लखांबाची विद्या वणीच्या सप्तशृंगीच्या गडावर प्राप्त झाली अशी परंपरा सांगतात, त्यामुळे या खेळावर नाशिक जिल्ह्याने थोडा अधिक हक्क सांगितला तर तो चालावा. शनिवारी सार्वजनिक वाचनालय. १८४० साली स्थापन झालेल्या या संस्थेतून पुस्तक बदलून आणणे, ते वेळेत परत करणे, आणि आपल्याला हवे ते पुस्तक दुसऱ्याने नेलेले असेल तर निमूट दुसरे निवडणे, यांतही समाजशिक्षण पुष्कळ आहे.

सोबत्यांपेक्षा अवघड प्रश्न नातलगांचा. लग्नकार्यात “कुठल्या शाळेत जातेस गं?” असे कोणी विचारले की मुलगी आईकडे पाहते, आई आजीकडे पाहते, आणि आत्याबाई सर्वांकडे पाहतात. घरात बसून शिकणे संशयास्पद वाटण्याची आपली परंपरा जुनी आहे, व तिचा एक अध्याय नाशिकातच घडला. निफाडला जन्मलेले महादेव गोविंद रानडे यांनी १८७३ मध्ये अकरा वर्षांच्या रमाबाईंशी विवाह झाल्यावर त्यांना लगोलग अक्षरे गिरवावयास बसविले. पुण्याच्या त्या घरातल्या वडीलधाऱ्या स्त्रियांनी या अभ्यासापायी रमाबाईंना किती बोल लावले, हे त्यांच्या आठवणींतून सर्वांस ठाऊक आहे. १८७८ साली रानड्यांची नाशिकला बदली झाली आणि अभ्यासाला पुण्याच्या मानाने मोकळीक मिळाली. रमाबाईंचे पहिले जाहीर भाषण नाशिकमध्येच झाले, आणि त्याचा मसुदा शिक्षकाने, म्हणजे पतीनेच, लिहून दिला होता. पुढे ज्यांनी पुण्यात सेवासदन उभारून शेकडो स्त्रियांना शिकविले, त्यांच्या पहिल्या वर्गात विद्यार्थी एक आणि शिक्षक एक होता. मात्र तेव्हा घर हा नाइलाज होता. वाढत्या वयाच्या विवाहित मुलीला शाळेची वाटच मोकळी नव्हती. आज शाळा दारात असून कोणी घर निवडतो, तेव्हा त्याच्यावर खुलाशाची जबाबदारी अधिक पडते, हे आत्याबाईंच्या बाजूने म्हटलेच पाहिजे.

दिवेलागणीला आजी शुभंकरोती म्हणते आणि मग परवचा होतो: पाढे, महिने, नक्षत्रे, एखादे स्तोत्र. आईला पाठांतराचे वावडे होते, तिने ते पहिल्या वर्षी बंद करवून पाहिले. मुलांनीच आजीच्या मांडीवर बसून ते पुन्हा सुरू केले. मुले झोपल्यावर रोजनिशी लिहिली जाते. आज काय वाचले, कोणते प्रश्न पडले, काय जमले नाही, कोठे गेलो. ‘रांगोळी: सात ते चार, बेरीज दोन रीतींनी. कांदा: घाऊक व किरकोळ भाव. मुलगा: ४७ बरोबर, ७४ पुन्हा चुकले.’ पंधरा-वीस ओळींचा हा मजकूर म्हणजे या शाळेचे एकमेव सरकारी दप्तर, जरी सरकारने ते कधी मागितलेले नसले तरी.

कारण कायद्याची स्थिती मोठी चमत्कारिक आहे. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या बालकास जवळच्या शाळेत घालणे हे पालकांचे कर्तव्य ठरविले. मान्यतेवाचून शाळा चालविणाऱ्यास एक लाखापर्यंत दंड सांगितला. परंतु मुलाला शाळेत न घालणाऱ्या पालकास कोणतीही शिक्षा लिहिली नाही, आणि घरी शिकविण्याला ना मुभा दिली ना मनाई केली. तेव्हा अशी कुटुंबे कायद्याच्या दोन ओळींमधल्या कोऱ्या जागेत राहतात. परीक्षेची तजवीज मात्र आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या मुक्त मूलभूत शिक्षणाचे तीन स्तर तिसरी, पाचवी व आठवीच्या बरोबरीचे मानले जातात, आणि चौदा वर्षे पुरी झालेल्या मुलाला तिची दहावीची परीक्षा देता येते. राज्य मंडळाच्या दहावीला खासगी विद्यार्थी म्हणून बसावयाचे तर अटी पुऱ्या करून सतरा नंबरचा फॉर्म भरावा लागतो. मोठ्या वयात शिकू इच्छिणाऱ्यांसाठी तर नाशिकातच, गंगापूर धरणाच्या वाटेवर, १९८९ पासून यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ उभे आहे.

दाखल्याची अडचण तरीही कधी कधी उंबऱ्यावर येऊन ठेपते. मुंबईच्या मालविका जोशी हिने सातवीनंतर शाळा सोडली, घरी राहून संगणकाच्या आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडमध्ये पदके मिळविली, आणि २०१६ साली तिला अमेरिकेतील एमआयटीत प्रवेश मिळाला. बारावीचा दाखला नसल्यामुळे आपल्या आयआयटीचा दरवाजा मात्र तिला बंद होता. असे उदाहरण दिले की ऐकणाऱ्याचे डोळे चमकतात, म्हणूनच ते जपून द्यावे. पंचवटीतल्या त्या घरात कोणी ऑलिम्पियाडची तयारी करीत नाही. पुष्कळ घरांतून मुले दहा-अकरा वर्षांची झाली की आपण होऊन शाळेत जाण्याची इच्छा बोलून दाखवितात. मैत्रिणी तेथे असतात, स्नेहसंमेलन तेथे असते, गणवेशाचेही एक आकर्षण असते. त्या वेळी २००९ च्या कायद्याचे चौथे कलम, जे मुळात शाळेपासून वंचित राहिलेल्या बालकांसाठी लिहिले गेले, यांच्याही उपयोगी पडते: मुलाला त्याच्या वयाच्या इयत्तेत बसवावे आणि मागे पडले असेल तर विशेष प्रशिक्षण द्यावे, असे ते सांगते. जूनमध्ये आई मुलीला घेऊन मुख्याध्यापकांच्या खोलीत जाते आणि रोजनिशीच्या चार वह्या व त्यांवर मुलीची पुराची वही टेबलावर ठेवते. मुख्याध्यापक त्यांवर हात ठेवून जन्माचा दाखला मागतात, तो पाहून इयत्ता ठरवितात, आणि मग सहज म्हणून वरची वही उघडली की मारुतीच्या रकान्यापाशी थोडे थांबतात.